न दुखणारी गाठ

गाठ दुखत नव्हती, तिथंच घोळ झाला. दुखली असती तर मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो. फुटबॉल खेळणाऱ्याला दुखणं कळतं. घोटा मुरगळला, मांडी धरली, नडगीला बूट लागला, की काय करायचं ते ठरलेलं असतं. बर्फ, क्रेप बँडेज, दोन दिवस आराम. पण आंघोळ करताना उजव्या अंडकोषात वाटाण्याएवढं काहीतरी टणक हाताला लागलं आणि ते दाबूनही दुखेना, तेव्हा काय करायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी काहीच केलं नाही. अडीच महिने.

माझं नाव आशिष साळवे. वय एकतीस. नगरच्या एका हायस्कूलमध्ये मी पी.टी. शिकवतो आणि शहरातल्या एका जुन्या क्लबकडून मिडफिल्डला खेळतो. जे झालं ते आहे तसं लिहितोय. आजारी असताना मला असं काही वाचायला हवं होतं. मराठीत शोधलं तेव्हा डॉक्टरी भाषेतली माहिती मिळाली किंवा चमत्काराच्या गोष्टी मिळाल्या. मधलं काही मिळालं नाही.

सोनोग्राफी

पहिल्यांदा सांगितलं ते इम्रानला. इम्रान शेख माझा शाळेपासूनचा दोस्त, आमचा लेफ्ट बॅक. झेंडीगेटला त्याचं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. तोवर गाठ सुपारीएवढी झाली होती. प्रॅक्टिस संपल्यावर बुटाच्या नाड्या सोडता सोडता मी त्याला सांगितलं.

"कुणाला दाखवलंस?"

"तुला सांगतोय ना."

"मी काय डॉक्टर आहे का यार? मी क्लचप्लेटा विकतो."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला गाडीवर बसवून नेलं. आधी डॉक्टर, मग त्यांच्या चिठ्ठीवर सोनोग्राफी सेंटर. तिथल्या हॉलमध्ये सगळ्या गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा. आम्ही दोघं दाराजवळच्या बाकावर बसलो. काउंटरवरच्या बाईंनी पुकारलं, "साळवे! मिसेसना आत पाठवा."

"मिसेस नाही आल्या."

"मग सोनोग्राफी कुणाची?"

"माझी."

"पोटाची का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी चिठ्ठी पुढे केली. बाईंनी ती वाचली, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "बसा सर. आधी तुम्हालाच घेते." त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पुढच्या चार महिन्यांत अशा लहान लहान चांगुलपणावरच मी दिवस काढले.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "गाठ चांगली दिसत नाही. अंडकोष काढावा लागेल. या आठवड्यातच."

"रविवारी मॅच आहे सर. सोमवारी चालेल का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "परवा सकाळी उपाशीपोटी या. आणि येताना घरचं माणूस आणा."

इम्रान बाहेर आल्यावर बराच वेळ गाडीची चावी शोधत राहिला. चावी त्याच्या हातातच होती.

एस्तेर

घरचं माणूस म्हणजे एस्तेर, माझी बायको. पारनेर रस्त्यावरच्या एका गावात ती झेडपीच्या शाळेत शिकवते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पाचच्या एसटीने ती आली, पर्स खुंटीला लावली, पाणी प्यायली. मी तिला तसंच उभ्या उभ्या सांगून टाकलं.

ती आधी रडली नाही. तिने विचारलं, "कधीपासून आहे?"

"अडीच महिने."

"आणि मी या घरात कोण आहे? पाहुणी?"

"तुला घाबरवायचं नव्हतं."

"खोटं बोलू नकोस आशिष. तुला लाज वाटत होती. माझ्यापुढे."

ते खरं होतं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण हातात वही होती. उद्या शाळेत रजेचा अर्ज, कुठले कपडे, कुठली कागदपत्रं. ती लिहायला बसली. मी शेजारी बसून भाजी निवडली.

हर्निया

आई-वडील आमच्याच शेजारच्या गल्लीत राहतात. पप्पा वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेत आणि आमच्या चर्चच्या पंचकमिटीत आहेत. खांबावर चढून आयुष्य काढलेला माणूस, सहसा घाबरत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोकांना काय सांगायचं?"

मम्मी म्हणाली, "अहो, लोकांचं काय घेऊन बसलात?"

"लोक विचारणार. हर्निया सांगू. चीर तिथंच असते ना जांघेत?"

चीर तिथंच असते. त्यामुळे हर्निया ठरला. ऑपरेशन नगरलाच झालं, तासाभराचं. तिसऱ्या दिवशी घरी आलो. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी माझ्या हर्नियासाठी प्रार्थना केली. क्लबमधले सगळे भेटायला आले आणि महिनाभर वजन उचलायचं नाही, असं मला बजावून गेले. इम्रान त्यांच्यामागे उभा राहून छताकडे बघत होता. ते गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "एकावर चालतं का रे?"

"डॉक्टर म्हणाले, सगळं चालतं."

"मग ठीक आहे." तो खरंच सुटल्यासारखा हसला.

आठ दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सर. सीटी स्कॅनमध्ये पोटातल्या, पाठीच्या कण्याजवळच्या गाठीही सुजलेल्या दिसल्या. पुण्याला जा म्हणाले.

पुणे

पुण्याच्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, "हा बरा होणारा कॅन्सर आहे. पसरला असला तरी बरा होतो." मग त्यांनी विचारलं, "मुलं आहेत?"

"नाहीत."

"केमोच्या आधी वीर्य साठवून ठेवा. नंतर कदाचित गरज पडणार नाही. पण ठेवा."

मी एस्तेरकडे बघितलं नाही. तिनेच विचारलं, "कुठं जायचं आणि किती वाजता?"

त्या जागेबद्दल एवढंच सांगतो. छोटी खोली, स्वच्छ बेसिन, बाहेर बायको बाकावर बसलेली, आणि डोक्यात कॅन्सर. पहिल्या दिवशी जमलंच नाही. मी बाहेर येऊन मान हलवली. एस्तेर म्हणाली, "चल, उसाचा रस पिऊ. उद्या येऊ." दुसऱ्या दिवशी जमलं. कुणाला हे वाचून लाज वाटली तर वाटू द्या. मला ही गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर पहिल्या दिवशी मी स्वतःला एवढ्या शिव्या घातल्या नसत्या.

मग उपचार ठरवायचे होते. मॅडम म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. तीन फेऱ्यांचा एक, पण त्यातलं एक औषध क्वचित फुफ्फुसांना त्रास देतं. दुसरा त्या औषधाशिवाय, पण त्यात चार फेऱ्या. तुमच्या बाबतीत दोन्हींनी गुण येतो.

मी विचारलं, "जर्मनीचा एक फुटबॉलपटू आहे, त्याला हेच झालं होतं. त्याने कुठलं घेतलं असेल?"

मॅडम हसल्या. "त्याची फाइल माझ्याकडे नाही. तुमची आहे. तुम्ही मैदानावर किती धावता?"

"नव्वद मिनिटं."

"मग चार फेऱ्या घ्या."

आठ नंबर

त्या जर्मन माणसाबद्दल सांगायला हवं. कॉलेजात असल्यापासून इम्रान आणि मी जर्मनीच्या लीगचे सामने मोबाईलवर बघायचो. त्याचं आडनाव आम्हाला नीट म्हणता यायचं नाही, म्हणून आम्ही त्याला आठ नंबर म्हणायचो. तो मिडफिल्डर होता, पण कॅमेरा ज्याच्यामागे असतो तसला नव्हे. तिसऱ्या दर्जाच्या लीगमधून वर आलेला, दोन क्लबांनी उसना देऊन परत घेतलेला. तेविसाव्या वर्षी वरच्या लीगमध्ये पोचला आणि मग गुणतक्त्यात मध्यावर असणाऱ्या एकाच क्लबात सात वर्षं टिकला. वर्षाला एखादा गोल. त्याचं काम म्हणजे समोरच्याचा पास कुठं जाणार हे आधी ओळखून तिथं जाऊन उभं राहायचं, चेंडू घ्यायचा आणि सगळ्यात साध्या जागी द्यायचा. मी खेळायला शिकलो तो त्याला बघून. आमच्या क्लबात आठ नंबरची जर्सी मी भांडून घेतली होती.

मधे एका हंगामात तो अर्धं वर्ष दिसला नाही. दुखापत असेल, असं आम्ही धरून चाललो. पुढे नोकरी आणि दुकानाच्या नादात आमचं सामने बघणंही सुटलं. माझं ऑपरेशन झाल्यावर इम्रानने जुन्या बातम्या शोधून काढल्या. त्याला हाच आजार झाला होता. एक लांबलचक मुलाखत जर्मन भाषेत होती. मोबाईलने केलेलं तिचं भाषांतर इम्रानने मला मोठ्याने वाचून दाखवलं. ड्रेसिंग रूममध्ये उभं राहून त्याने सगळ्यांना सांगितलं की त्याचं एक अंडं काढलं आहे.

"अंडं!" इम्रान हसता हसता बाजेवरून खाली बसला. टाके ताणू नयेत म्हणून मी पोट धरून हसलो. रिपोर्ट आल्यापासूनचं ते पहिलं हसू.

पण हसून झाल्यावर मला जाणवलं, त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. मी हर्निया सांगत होतो.

वॉर्ड

केमोची एक फेरी म्हणजे पाच दिवस वॉर्डात, मग सोळा दिवस घरी. असं चार वेळा. सकाळी सहाला सिस्टर वजन करायच्या. मग सलाईन, मग उलटी थांबवायचं औषध, मग मुख्य औषध, मग परत सलाईन. दिवसभर लघवी मापून एका कागदावर लिहायची. संध्याकाळी तोंडाला लोखंडासारखी चव. एस्तेरने जवळच्या भाड्याच्या खोलीवरून डब्यात काय आणलंय ते झाकण उघडायच्या आत वासाने कळायचं आणि नको वाटायचं. तिने तीन दिवस वेगवेगळं करून बघितलं. चौथ्या दिवशी ती डबा मिटून म्हणाली, "मी स्वयंपाक करायचा तरी कुणासाठी?" आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळाने ती खाली जाऊन थंड ताक घेऊन आली. ते पोटात राहिलं. पुढे चारही फेऱ्या ताकावर निघाल्या.

शेजारच्या खाटेवर गोरखमामा होते. शनिशिंगणापूरचे, देवळाच्या रस्त्याला त्यांचं तेल आणि रुईच्या माळांचं दुकान. त्यांना आतड्याचा कॅन्सर होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "काय झालंय पाव्हणं?"

तोंडातून सवयीने निघालं, "हर्नियाचं ऑपरेशन झालंय."

मामांनी माझ्या सलाईनच्या बाटल्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आरं येड्या, हर्नियाला ह्या बाटल्या लावत्यात व्हय? ह्या वार्डात समद्यांला येकच हाय. आमच्या गावात घराला दारं न्हाईत. झाकून ठेवायची सवय न्हाई आमाला. बोल खरं."

मी खरं सांगितलं. मामा सहज म्हणाले, "मंग? येक हाय ना अजून? माझं आतडं हातभर कापलंय. ते काय परत फुटत न्हाई."

मामांची आणि माझी फेरी दोनदा जुळून आली. ते आता घरी आहेत, दुकानात बसतात. मी फोन करतो तेव्हा आधी गिऱ्हाईक संपवतात आणि मग बोलतात.

पप्पा

दुसऱ्या फेरीनंतर केस गेले. उशीवर, आंघोळीच्या मोरीत, भाकरीच्या ताटात. हर्नियाने केस जात नाहीत. मी घराबाहेर पडायचं बंद केलं. भेटायला येणाऱ्यांना मम्मी दारातूनच सांगायची, झोपलाय. एस्तेर आणि पप्पा यांच्यात बोलणं कमी झालं. एकदा ती त्यांना म्हणाली, "पप्पा, तुमच्या हर्नियामुळे हा घरात कोंडला गेलाय." पप्पा उठून गेले. मला तिचा राग आला आणि बरंही वाटलं.

त्या रविवारी मी घरीच होतो. चर्चहून मम्मी परत आली ती डोळे पुसतच. साक्ष देण्याच्या वेळेला, म्हणजे जो तो आपला अनुभव सांगतो तेव्हा, पप्पा उभे राहिले होते. समोरच्या बाकाला धरून उभे. मग म्हणाले, "माझ्या मुलाला हर्निया नाही. त्याला अंडकोषाचा कॅन्सर आहे. मी तुम्हाला खोटं सांगून खोट्या आजारासाठी प्रार्थना करायला लावली. आता खऱ्यासाठी करा."

आणि खाली बसले. पाळकसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर आल्यावर तिघं पुरुष पप्पांशी बराच वेळ बोलत होते. पप्पा घरी आले तेव्हा मी दारात उभा होतो, टोपी न घालता. त्यांनी माझ्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ऊन लागेल. आत हो."

पुढच्या आठवड्यात मी क्लबच्या मैदानावर गेलो. सगळे गोल करून बसले होते. मी मुलाखतीतल्या त्या जर्मनासारखं उभं राहून सांगितलं, एक काढलाय, कॅन्सर आहे, केमो चालू आहे, गाठ दुखत नाही, स्वतः तपासून बघा. कुणी हसलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. मी घरी येऊन म्हटलं, उगाच सांगितलं.

दोन दिवसांनी आमचा गोलकीपर संतोष याचा फोन आला. तो पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. "आशिष, मलाही काहीतरी लागतंय. तीन महिने झाले." मी त्याला त्याच सोनोग्राफी सेंटरला घेऊन गेलो. काउंटरवर त्याच बाई होत्या. संतोषच्या तिथं फक्त पाणी साठलं होतं, साधी गोष्ट. तो बाहेर येऊन पायरीवर बसला आणि मुलीसारखा रडला. तीन महिने त्या माणसाने गोलमध्ये उभं राहून काय काय विचार केले असतील, ते मला कळत होतं.

पाय

चौथी फेरी संपली. स्कॅनमध्ये पोटातल्या गाठी विरल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, आता फक्त तपासत राहायचं. आधी दोन-दोन महिन्यांनी, मग अंतर वाढवू. तेव्हापासून प्रत्येक वेळी रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत माझं आणि एस्तेरचं कशावरून तरी भांडण होतं. रिपोर्ट आला की मिटतं. आजवर सगळे चांगले आलेत.

पण एक गोष्ट राहिली. औषधाने पायांची बोटं बधिर झाली. मैदानावर परत गेलो तेव्हा चेंडू बुटाला लागला की नाही हे बघून कळायचं, जाणवून नाही. ज्या पायाने मी न बघता पास द्यायचो, तो पाय मला आता दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखा वाटत होता. बरं झाल्याच्या आनंदापेक्षा त्याचं दुःख मोठं होतं, हे सांगायला मला अजून जड जातं. जिवंत राहिलेल्या माणसाने बोटांसाठी रडू नये, असं लोकांना वाटतं. मी रडलो.

तेव्हा मी त्या जर्मनाच्या पुढच्या बातम्या वाचल्या. आधी मुद्दामच वाचल्या नव्हत्या. मला तो परत आला एवढंच हवं होतं. तो परत आला, पण शेवटच्या दहा मिनिटांत मैदानावर उतरायचा. हंगाम संपल्यावर क्लबने करार वाढवला नाही. मग खालच्या लीगमधल्या एका क्लबात दोन वर्षं खेळला आणि तेहतिसाव्या वर्षी थांबला. कुठंही मोठी बातमी नव्हती. इम्रानला हे वाचून वाईट वाटलं. मला का कोण जाणे, बरं वाटलं. परत येणं म्हणजे पूर्वीइतकंच होऊन येणं, असं तो मानत नसावा. त्याला दहा मिनिटं मिळाली, तर तो दहा मिनिटं खेळला.

मी रोज शाळा सुटल्यावर भिंतीवर चेंडू मारत बसलो. सहा-सात महिन्यांनी अंगठ्यात थोडी जाण आली. करंगळीत अजून नाही.

कोपरगाव

यंदाच्या हिवाळ्यात कोपरगावला साखर कारखान्याच्या मैदानावर सामने होते. दुसऱ्या सामन्यात कारखान्याच्याच संघाविरुद्ध आम्ही एका गोलने पुढे होतो आणि वीसेक मिनिटं उरली होती, तेव्हा कोचनी मला उतरवलं. बाहेर एस्तेर, पप्पा, मम्मी. नगरहून गाडी करून आले होते.

पहिल्या दोन मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. चेंडू माझ्याकडे आला की कारखान्याचे खेळाडू थांबायचे. पाच फुटांवर उभे राहून मला पास देऊ द्यायचे. त्यांचा मिडफिल्डर, ऊस तोलायच्या काट्यावर काम करणारा धिप्पाड गडी, मला पाहून चक्क बाजूला झाला. बातमी तिथवर पोचली होती.

थ्रोच्या वेळी मी त्याला विचारलं, "काय रे, अंगावर का येत नाहीस?"

तो ओशाळला. "तुमी आजारी हुता ना सर. लागलं बिगलं तर."

"लागलं तर लागलं. मी खेळायला आलोय. असं खेळणार असशील तर मी बाहेर जातो."

तीन मिनिटांनी मधल्या रेषेजवळ चेंडू माझ्या पायात आला. मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला, कारण बोटांवर माझा अजून भरवसा नव्हता. तेवढ्यात तो डावीकडून घुसला. खांद्याला खांदा, मग पाय. मी उताणा पडलो. क्षणभर श्वासच घेता येईना.

इम्रान धावत आला. बाहेरून एस्तेरचा आवाज आला, एवढा मोठा आवाज मी तिच्या वर्गातही ऐकला नसेल, "रेफरी! फाउल! दिसत नाही का?"

रेफरीने माझ्याकडे बघितलं. शिट्टी तोंडात होती, वाजवली नव्हती. तो काट्यावरचा गडी पांढराफटक होऊन माझ्याकडे हात पुढे करून उभा होता.

मी त्याचा हात धरून उठलो आणि रेफरीला म्हणालो, "फाउल नव्हता. त्याचा पाय आधी चेंडूला लागला."

"नक्की?"

"नक्की. चालू द्या."

चेंडू तोवर त्यांच्या विंगरकडे गेला होता. मी त्याच्यामागे धावलो.